एका गुणाचे अंतराळवीर

धाराशिवमधल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा आणि टेबलावर पडलेलं तलाठी भरतीचं नाहीतर पोलीस भरतीचं गाइड उघडा. 'जगातील पहिले' आणि 'भारतातील पहिले' अशी दोन पानं त्यात हमखास असतात. अंतराळात जाणारा पहिला मानव, युरी गागारिन. पहिली महिला, व्हॅलेंटिना तेरेश्कोवा. चंद्रावर पहिलं पाऊल, नील आर्मस्ट्राँग. पहिले भारतीय, राकेश शर्मा. त्यांच्या खालीवर एव्हरेस्ट सर करणारे, इंग्लिश खाडी पोहणारे, नोबेल मिळवणारे. पोरं ही पानं हायलायटरनं पिवळी करतात, घोकतात आणि परीक्षेत एक गोल काळा करून पुढच्या प्रश्नाला लागतात. एक गुण पदरात पडतो.

अंतराळयुगाच्या पहिल्या पिढीचं स्मरण आपल्या जिल्ह्यात आज मुख्यतः या पानांवर शिल्लक आहे. त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. रशियातल्या एका सुताराच्या मुलाचं नाव भूम-परंड्यातल्या पोराला साठ वर्षांनंतरही पाठ आहे, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण या स्मरणानं नावं जपली आणि कामं गाळली. कामं गळाली म्हणून त्या कामांशी असलेला आपला संबंधही नजरेआड झाला. तो संबंध आहे, आणि वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

१२ एप्रिल १९६१, बुधवार. आपल्या घड्याळात सकाळचे ११ वाजून ३७ मिनिटं झालेली असताना कझाकस्तानातल्या बायकोनूरहून गागारिन उडाला आणि १०८ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून परतला. तेव्हा महाराष्ट्र राज्याला वर्षही पुरं झालं नव्हतं. उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, निजामाच्या राज्यातून सुटून जेमतेम साडेबारा वर्षं लोटली होती आणि आजचा लातूर जिल्हा त्याच्याच पोटात होता, तो १९८२ साली वेगळा झाला. रेडिओ असायचा तो ग्रामपंचायतीत नाहीतर एखाद्या सावकाराच्या माडीवर. बातमी पोचली ती अशीच, कानोकानी आणि मागाहून आलेल्या वर्तमानपत्रांतून.

त्या उड्डाणाचा शेवट मात्र आपल्याकडच्या माणसाला चटकन समजावा असा आहे. सारातोव्हजवळच्या शेतात अॅना तख्तारोव्हा नावाची बाई नातीला घेऊन बटाट्याच्या कामाला लागली होती. समोरून नारिंगी पोशाखातला, पांढरं शिरस्त्राण घातलेला माणूस चालत येताना दिसल्यावर दोघी घाबरून मागं सरकल्या. तो गागारिन होता. यानातून साधारण सात किलोमीटर उंचीवर बाहेर फेकला जाऊन तो स्वतःच्या पॅराशूटनं उतरला होता. यान वेगळं उतरलं. ही गोष्ट सोव्हिएत सरकारनं कित्येक वर्षं लपवून ठेवली, कारण विक्रमाची नोंद व्हायची तर वैमानिकानं यानासकट उतरलं पाहिजे, असा तेव्हाचा आंतरराष्ट्रीय नियम होता. जगातल्या पहिल्या अंतराळवीराच्या स्मरणाची सुरुवातच अशी झाकाझाकीनं झाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस गागारिन भारतात आला आणि मुंबईलाही येऊन गेला. १९६३ च्या नोव्हेंबरात तेरेश्कोवा, तिचा नुकताच झालेला नवरा आंद्रियान निकोलायेव आणि व्हॅलेरी बिकोव्हस्की आले. त्या काळात सोव्हिएत देशाची गुळगुळीत कागदाची मासिकं मराठीतही येत आणि स्वस्त मिळत. मजकूर कोण किती वाचत असे, देव जाणे. पण त्यांच्या कागदाची वह्यापुस्तकांना घातलेली कव्हरं मात्र अर्ध्या महाराष्ट्राला आठवतात. हसरा गागारिन अनेकांच्या घरात शिरला तो अशा वहीवरून. डाव्या चळवळीचं आणि शेतकरी कामगार पक्षाचं वजन असलेल्या आपल्या भागात त्या हास्याला आणखी एक अर्थ होता: गरिबाघरचं पोर आभाळात गेलं.

फक्त ते हास्य चाळणीतून गाळून आलेलं होतं. गागारिनबरोबर निवडल्या गेलेल्या वीस जणांच्या तुकडीतला ग्रिगोरी नेल्युबोव हा त्या पहिल्या उड्डाणाचा दुसरा राखीव वैमानिक. १९६३ साली शिस्तभंगावरून त्याला काढलं आणि मग अधिकृत छायाचित्रांतूनही खोडलं. १९६६ साली तो रेल्वेखाली गेला. त्याच तुकडीतला चोवीस वर्षांचा व्हॅलेंटिन बोंदारेन्को गागारिनच्या उड्डाणाआधी तीनच आठवडे, २३ मार्च १९६१ रोजी, प्राणवायूनं भरलेल्या चाचणीकक्षात आग लागून भाजून मेला. हे जाहीर व्हायला १९८६ उजाडलं. आणि ज्यानं हे सगळं उभं केलं त्या सर्गेई कोरोल्योवचं नाव त्याच्याच देशाला कळलं ते जानेवारी १९६६ मध्ये तो गेल्यावर. गागारिनचं नाव जगाच्या तोंडी असताना त्याचं रॉकेट बांधणारा माणूस निनावी होता.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर एक लहानशी धातूची मूर्ती आणि शेजारी मृत अंतराळवीरांच्या चौदा नावांची पट्टी ठेवली. आठ अमेरिकी, सहा सोव्हिएत. अपोलो १ च्या आगीत गेलेले ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी त्यात आहेत, पॅराशूट न उघडल्यानं गेलेला कोमारोव आहे, हवा निसटून गेलेले सोयूझ ११ चे तिघेही आहेत. बोंदारेन्को आणि नेल्युबोव नाहीत, कारण ते होते हेच पश्चिमेला ठाऊक नव्हतं. रॉबर्ट लॉरेन्सही नाही. अमेरिकी हवाई दलाच्या अंतराळ कार्यक्रमासाठी निवडला गेलेला हा पहिला कृष्णवर्णीय अंतराळवीर १९६७ साली विमान अपघातात गेला होता. चंद्रावरचं स्मारकसुद्धा अपुरं निघालं, मग गाइडच्या पानाला दोष काय द्यायचा?

तेरेश्कोवाची गोष्ट तर अर्धीच सांगितली जाते. १९६३ च्या जूनमध्ये तिनं एकटीनं ४८ फेऱ्या मारल्या. त्यानंतर दुसरी स्त्री अंतराळात जायला १९८२ साल उजाडलं. मध्ये एकोणीस वर्षं. 'पहिली महिला' हा प्रश्न दर वर्षी येतो, 'दुसरीला इतका उशीर का' हा कधीच येत नाही.

आता चंद्र. आर्मस्ट्राँगनं पाऊल ठेवलं तेव्हा अमेरिकेत २० जुलै १९६९ ची रात्र होती आणि आपल्याकडे २१ तारखेची, सोमवारची सकाळ, ८ वाजून २६ मिनिटं. दोनच दिवस आधी, १९ जुलैला, इंदिरा गांधींनी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. एकाच आठवड्यात दोन्ही बातम्या आल्या आणि जुन्या माणसांना विचारलं तर बँकेची बातमी जास्त ठळक आठवते. साहजिक आहे. कर्ज सावकाराकडून घ्यायचं की बँकेतून, हा प्रश्न चंद्रापेक्षा उंबऱ्याजवळचा होता. अपोलो ११ नं चंद्रावर ठेवलेल्या एका छोट्या चकतीवर ७३ देशांच्या प्रमुखांचे संदेश कोरलेले होते आणि त्यात इंदिरा गांधींचाही होता. राष्ट्रीयीकरण करणाऱ्या बाईंचे शब्द त्याच आठवड्यात चंद्रावर जाऊन पडले.

तीन महिन्यांनी, ऑक्टोबरात, आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स जगाच्या दौऱ्यात मुंबईला आले आणि त्यांना पाहायला मुंबई लोटली. तिघांतले दोघे चंद्रावर उतरले होते. कॉलिन्स वरच्या यानात एकटा फेऱ्या मारत राहिला, कारण तो तिथं नसता तर खालच्या दोघांना घरी आणणारं कुणी नव्हतं. गाइडमध्ये कॉलिन्स भेटतो, पण चुकीचा पर्याय म्हणून. आर्मस्ट्राँगच्या नावाखाली 'ब' किंवा 'क' ला. खरं सांगायचं तर मला या सगळ्या पिढीत सर्वांत जवळचा वाटतो तो कॉलिन्सच. आपल्याकडे प्रत्येक लग्नात असा एक काका असतो, जो मांडवात कुठल्याच फोटोत नसतो आणि ज्याच्यावाचून पंगत उठत नाही.

चांद्रमोहिमांचा शेवट मात्र आपल्या जिल्ह्यानं कधी नीट पाहिलाच नाही. पाहायला उसंत नव्हती. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे यूजिन सर्नन आणि हॅरिसन श्मिट चंद्रावर तीन दिवस राहिले. त्यांच्यानंतर तिथं कुणी उतरलेलं नाही. श्मिट हा चंद्रावर गेलेला एकमेव व्यावसायिक भूशास्त्रज्ञ. हातोडी घेऊन तो दगड फोडत होता, पिशव्यांत भरत होता, त्यांवर क्रमांक टाकत होता. दोघांनी मिळून ११० किलो दगडमाती परत आणली.

त्याच डिसेंबरात उस्मानाबाद, बीड, सोलापूर, औरंगाबादमधली माणसंही दगड फोडत होती. बहात्तरचा दुष्काळ. खरीप गेलेलं, रब्बीची आशा नाही, विहिरी तळाला. कामं निघाली ती रस्त्यांची, पाझर तलावांची, नालाबंडिंगची आणि सर्वांत जास्त खडी फोडायची. रस्त्याकडेला ओळीनं बायका बसलेल्या, पदर डोक्यावर ओढलेला, कुणाच्या मांडीशी तान्हं निजलेलं. एका हातानं दगड धरायचा, दुसऱ्या हातानं हातोडा मारायचा. कपच्या डोळ्यांत उडत. सायंकाळी मुकादम येऊन ढीग मापायचा, ब्रासवर हिशेब, मस्टरवर अंगठा. पोरांना सुकडी मिळायची. रेशनला तांबडी मिलो ज्वारी. ती अमेरिकेतून आलेली होती. तिची भाकरी तांबडी व्हायची, थापता यायची नाही. चंद्रावर माणूस पाठवणारा देश उस्मानाबादेत त्या वर्षी कुणाला ठाऊक होता तर या भाकरीमुळं. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती.

इथं एक गोष्ट सांगायची राहून जाते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. श्मिट चंद्राच्या सपाट भागावर फोडत होता तो दगड आणि आपल्या बाया रस्त्याकडेला फोडत होत्या तो दगड एकाच जातीचा आहे. दोन्ही बेसॉल्ट. चंद्रावरचे काळे डाग म्हणून आपल्याला जे दिसतं, ते लाव्हारस थिजून झालेलं बेसॉल्टचं पठार आहे. आपला काळा पाषाणही तसाच लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झाला. फरक वयाचा. आपला दख्खनचा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, अपोलो १७ नं आणलेला पावणेचारशे कोटी वर्षांच्या आसपासचा. नळदुर्गचा तट, परंड्याचा किल्ला, शेताच्या बांधावरचा धोंडा हे सगळं चंद्राच्या नात्यातलं आहे. ही केवळ गंमत म्हणून सांगत नाही. त्याच सुमाराला बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचा अभ्यास चंद्रावरची विवरं समजून घेण्यासाठी चालू होता, कारण बेसॉल्टमध्ये अशनी आदळून झालेलं आणि इतकं शाबूत राहिलेलं विवर पृथ्वीवर दुसरीकडे सहजी मिळत नाही. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यावरचा भारतीय-अमेरिकी शोधनिबंध छापून आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांवर काम झालं. म्हणजे महाराष्ट्राचा दगड आणि चंद्राचा दगड प्रयोगशाळेत एकत्र आले होते. फक्त दगड फोडणारीला ते कुणी सांगितलं नाही.

माणूस चंद्रावर गेलाच नाही, ते सगळं स्टुडिओतलं चित्रीकरण, असा संदेश मोबाइलवर आजही फिरत असतो आणि पारावर त्याला दाद मिळते. त्याला उत्तर म्हणून अपोलोच्या सहा मोहिमांनी आणलेली ३८२ किलो दगडमाती पुरेशी आहे. ती जगभरच्या, अमेरिकेच्या विरोधकांच्याही, शास्त्रज्ञांनी तपासली. अंतराळवीरांनी तिथं ठेवलेल्या आरशांवरून पृथ्वीवरून सोडलेला लेझरचा किरण आजही परत येतो. वाद घालायचाच तर यावर घालावा.

१९७९ ची आठवण वेगळ्या चालीची. स्कायलॅब हे अमेरिकेचं पहिलं अंतराळ स्थानक. १९७३-७४ मध्ये तीन तुकड्या त्यावर राहून गेल्या. पहिल्या तुकडीनं तर मोडकं स्थानक अंतराळात जाऊन दुरुस्त केलं. गावाकडे यातलं काहीच पोचलं नाही. पोचलं ते एवढंच, की ते आता पडणार आणि कुठं पडेल ते सांगता येत नाही. मरायचंच आहे तर खाऊनपिऊन मरू म्हणून कोंबड्या-बकऱ्या कापल्याचे किस्से अजून रंगवून सांगितले जातात. ११ जुलै १९७९ रोजी ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात कोसळलं. खरं लोखंड पडायचं होतं ते २ एप्रिल २०२२ ला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, चिनी रॉकेटची भलीमोठी कडी. कोंबड्या मात्र त्रेचाळीस वर्षं आधीच संपल्या होत्या.

राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी उडाले. आदल्या दिवशी गुढीपाडवा होता. संध्याकाळी ६ वाजून ३८ मिनिटांनी, युरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव यांच्यासोबत, सोयूझ टी-११ मधून, गागारिन उडाला त्याच बायकोनूरहून. सॅल्यूत-७ स्थानकावर मुक्काम करून ते ११ एप्रिलला परतले. प्रवासाचा एकूण काळ ७ दिवस, २१ तास, ४० मिनिटं. पंतप्रधानांनी विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी इकबालांच्या 'सारे जहाँ से अच्छा' या ओळीत दिलेलं उत्तर देशाला पाठ झालं आणि बाकीचे सात दिवस त्या एका ओळीखाली गाडले गेले.

त्या सात दिवसांत त्यांनी काय केलं? वजनरहित अवस्थेत स्नायूंवर काय परिणाम होतो आणि योगासनांनी तो आटोक्यात ठेवता येतो का, हे स्वतःच्या शरीरावर तपासलं. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं तयार केलेलं जेवण खाल्लं आणि सोबत्यांना खिलवलं. सर्वांत मोठं काम म्हणजे 'टेरा' प्रयोगात भारताच्या भूभागाची छायाचित्रं घेणं. पूर्व जर्मनीत बनलेला एमकेएफ-६एम हा कॅमेरा एकाच जागेचं चित्र सहा वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत टिपत असे. माती, पीक, पाणी, खडक प्रत्येक पट्ट्यात वेगळे उमटतात, त्यावरून जमिनीखालचा अंदाज बांधता येतो. चार वर्षांनी, १७ मार्च १९८८ रोजी, आयआरएस-१ए हा भारताचा दूरसंवेदन उपग्रह बायकोनूरहूनच उडाला आणि हेच काम माणसाविना रोज होऊ लागलं.

धाराशिवच्या दृष्टीनं हे शर्मांच्या उड्डाणातलं सर्वांत मोलाचं अंग. आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी कुठंही लागत नाही. ते भेगांत, सांध्यांत, दोन थरांमधल्या पोकळ्यांत असतं. जमिनीवर उभं राहून या भेगा दिसत नाहीत. वरून पाहिलं की कोसकोस सरळ गेलेली रेष दिसते, तिच्यावर झाडोरा जरा हिरवा असतो. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पिण्याच्या पाण्यासाठी राष्ट्रीय मोहीम निघाली तेव्हा उपग्रहचित्रांवरून देशातल्या जिल्ह्यांचे भूजल नकाशे तयार झाले. पुढं राज्याचं असं काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे आलं. तळहातावर नारळ उभा करून रानात फिरणारा पाणाड्या आपल्याकडे अजून आहे आणि त्याला मान आहे. त्याच्या शेजारी आभाळातून घेतलेलं चित्रही आहे, हे मात्र बोअर मारणाऱ्या शेतकऱ्याला क्वचितच माहीत असतं.

शर्मांचं उड्डाण ज्या दूरदर्शनमुळं घराघरात गेलं, त्याचीही एक आठवण करून द्यायला हवी. दूरदर्शनचं प्रक्षेपण वाहून नेणारा इन्सॅट-१बी हा उपग्रह ३१ ऑगस्ट १९८३ रोजी 'चॅलेंजर' या शटलच्या पोटातून अंतराळवीरांनीच बाहेर सोडला. त्या पाच जणांत गाय ब्लूफोर्ड होता, अंतराळात गेलेला पहिला आफ्रिकी-अमेरिकी. अंबाजोगाईच्या टॉवरकडे तोंड करून पत्र्यावर चढून अँटेना फिरवणाऱ्या आणि खालून 'आलं, आलं, गेलं' असं ओरडणाऱ्या आमच्या पिढीला हे कुणी सांगितलं असतं, तर रविवारची रामायण-महाभारतं आम्ही जरा वेगळ्या नजरेनं पाहिली असती. 'चॅलेंजर' २८ जानेवारी १९८६ रोजी सात जणांसह फुटलं. त्या स्फोटानं आपलं एक पान कोरं ठेवलं. एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन या इस्रोच्या दोघांची शटलसाठी निवड झाली होती, त्यांच्यातला एक इन्सॅटसोबत जायचा होता. उड्डाण रद्द झालं ते कायमचं.

शर्मांचं महाराष्ट्राशी नातं मात्र गाइडात सापडणार नाही. ते १९६६ साली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. अंतराळातून परतल्यावर, १९८७ नंतर, त्यांनी नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये मुख्य चाचणी वैमानिक म्हणून काम केलं. कारखान्यातून निघालेलं विमान पहिल्यांदा उडवून बघणारा माणूस, म्हणजे जोखीम संपलेली नव्हतीच. मराठी माणूस अंतराळात गेला का, या प्रश्नावर आपल्याकडे हळहळ व्यक्त करायची रीत आहे. मला ती थोडी फुकाची वाटते. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस विक्रम साराभाईंबरोबर थुंबाच्या अग्निबाण तळाची जागा निवडण्यापासून होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, ते पुण्यात वारले. पुण्याचे प्रमोद काळे २१ नोव्हेंबर १९६३ च्या थुंबाच्या पहिल्या अग्निबाणाच्या वेळी तिथं होते. पुण्याचेच वसंत गोवारीकर घन इंधनाचे जाणकार. एसएलव्ही-३ हे प्रक्षेपक यान यशस्वी झालं तेव्हा विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक तेच होते. पुढं १९८८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मोसमी पावसाच्या अंदाजाचं सोळा घटकांचं प्रारूप दिलं. 'गोवारीकरांचा अंदाज' हा शब्द आमच्याकडे चावडीवर रुळला तो त्यामुळं. २००२ साली ते प्रारूप सपशेल चुकलं आणि हवामान खात्यानं ते बदललं. शेतकऱ्याला ते चुकलेलं वर्ष जास्त लक्षात आहे, याबद्दल तक्रार कशी करायची?

अंतराळाच्या उंबरठ्यावरून परतलेलं काहीतरी आपल्या शिवारात उतरू शकतं, हे फारच कमी लोकांना ठाऊक आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र हैदराबादला आहे. तिथून पॉलिथिनचे प्रचंड फुगे हायड्रोजन भरून सोडतात. ते ३० ते ४० किलोमीटरवर जातात, उपकरणं आपलं काम करतात आणि मग रंगीत पॅराशूटला लटकून खाली येतात. कुठं येतील ते वाऱ्याच्या हाती. म्हणून केंद्र लोकांसाठी सूचना काढतं आणि उपकरणं जिथं उतरू शकतात अशा महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या यादीत सोलापूर, लातूर यांच्या जोडीला आपल्या जिल्ह्याचं नाव असतं. सांगणं साधं असतं: सापडलं तर उघडू नका, हलवू नका, पोलीस ठाण्यात कळवा. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून सुटलेल्या अशाच एका फुग्यानं वरच्या हवेचे नमुने आणले आणि त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या. एकीला आर्यभटाचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलचं. त्या गटात जयंत नारळीकर होते. योगायोग असा, की जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेत त्र्याण्णवावं साहित्य संमेलन झालं आणि त्याच्या पुढच्या, नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर झाले. आपल्या मांडवात ते एक संमेलन आधी आले असते तर ही फुग्याची गोष्ट इथंच ऐकायला मिळाली असती.

२५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला उडाले आणि १५ जुलैला परतले. तेही खडकवासल्याच्या प्रबोधिनीचेच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर त्यांनी मूग आणि मेथी रुजवून पाहिली. मुगाचं पीक घेणाऱ्या जिल्ह्याला यात रस वाटायला हरकत नाही. त्यांचे राखीव होते प्रशांत नायर. शर्मांचे होते रवीश मल्होत्रा. दोन्ही वेळी राखीव माणसानं तेवढंच प्रशिक्षण घेतलं, तेवढाच घाम गाळला आणि शेवटच्या दिवशी तो जमिनीवर उभा राहिला.

जिल्हा पातळीवर या पिढीचं स्मरण करायचं तर पुतळे आणि चौकांची नावं नकोत. शर्मा गेले टी-११ मधून, पण ज्या सोयूझ टी-१० मधून परतले ते यान दिल्लीच्या नेहरू तारांगणात आहे; दिल्लीला जाणाऱ्या शाळेच्या सहलीनं ते आवर्जून पाहावं. २३ ऑगस्टचा राष्ट्रीय अंतराळ दिन शाळाशाळांत पुठ्ठ्याचं रॉकेट करून साजरा होतो, त्यात वाईट काही नाही. त्या दिवशी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून गावाचा नकाशा मागवून फळ्यावर लावता येईल. तो मिळतो, मागणारा लागतो. आणि बहात्तर साली खडी फोडलेल्या गावातल्या आज्यांना बोलावून त्यांच्या हाती बेसॉल्टचा तुकडा देता येईल, शेजारी श्मिटचं चंद्रावरचं छायाचित्र. तेव्हा विशी-तिशीत असलेल्या या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या पुढं आहेत. करायचं असेल तर ते येत्या ऑगस्टमध्येच.